गुरुवारची उघाडी

१२ मे

आज पौर्णिमेचं उधाण येऊन गेलं आणि आमच्या फाटकाला पाणी लागलं नाही. सहा महिने भांडले त्याचं सार्थक झालं.

दर अमावास्या-पौर्णिमेला, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, खाडी मागच्या शेतातून आणि गटारातून वर यायची आणि 'ओशन हाइट्स'च्या फाटकात घोटाभर उभी राहायची. हे नाव ज्याने ठेवलं त्याने ओशन पाहिला नव्हता, आणि हाइट तर राहनाळमध्ये फक्त गोडाउनांना आहे. इथे प्रत्येक नवं गोडाउन शेजारच्यापेक्षा हातभर उंच भराव घालून बांधतात, म्हणजे पाणी दुसऱ्याच्या दारात जावं. आमची इमारत सगळ्यांच्या आधी झाली, म्हणून तो दुसरा कायम आम्हीच. आणि आमच्यातही तळमजल्यावर मी.

कारण मीच शोधून काढलं. मागच्या शेतापलीकडे खाडीचा जुना मातीचा बांध आहे आणि त्या बांधात दगडी चौकटीचं एक मोठं भोक आहे. गावातले लोक त्याला उघाडी म्हणतात. पूर्वी तिला लाकडी झडप होती म्हणे, ती कुजून वाहून गेली आणि उरलं भोक. खाडी तिथून आत शिरते. भोक असेल तर ते बुजवावं, यात शिकण्यासारखं काय आहे? पण आमची इमारत बांधणारे आणि बांधाचे मालक चांगदेव भाऊ यांना ते पटवायला माझा अख्खा हिवाळा गेला. परवा मात्र त्यांनी माणसं लावून काँक्रीट ओतलं. इतक्या उत्साहाने काम करताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

भाऊंची आई, आक्का, बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. मला म्हणाली, "चांगलं बूच मारलंस, बाय."

या गावात कौतुक करायची पद्धत नाही, त्यामुळे बरं वाटलं.

रात्री निशाचा पुण्याहून फोन आला. भाची असली तरी बोलते सासूसारखी. "मावशी, गेल्या वर्षी तू चार दिवस वरच्या मजल्यावर काढलेस. यंदा घरात पाणी आलं तर मी टेम्पो घेऊन येणार, आणि तू निघायचंस. कबूल?" मी कबूल केलं. शब्द दिला म्हणजे दिला, शाळेत सिस्टर बर्नाडेटच्या हाताखालून गेलेल्या मुली फिरवाफिरव करत नाहीत. पुण्यात तिच्याकडे मला एक खोली, एक टीव्ही आणि कुत्र्याला फिरवायचं काम मिळणार आहे. तो कुत्रा माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे.

भोक बंद आहे. आता काळजी नाही.

२० मे

सकाळपासून घरात धूर. मागच्या शेताचा एक तुकडा आक्का अजून कसते, या सगळ्या गोडाउनांमध्ये तेवढाच हिरवा उरलाय. तिथे पाला-गोवऱ्या पेटवून भाताच्या रोपासाठी राब भाजत होते. मी ओरडायला गेले. आक्का नव्हती, वडप्याच्या पलीकडच्या पाड्यावरून कामाला येणारी मंगळी होती. मी तिला ऐकवलं की मी पैसे देऊन विकत घेतलेल्या घरात राहते आणि मला श्वास घ्यायचा आहे.

ती शांतपणे काठीने पाला सारत म्हणाली, "बाई, तुमी तं आमच्याच डोंगरावर राहता."

"मी राहनाळमध्ये राहते."

"आमच्या पाड्यामागं जांभळीची टेकडी होती. डंपर लावून नेली. लाल मुरूम सगला इथं टाकला, तुमच्या बिल्डिंगखाली. मी तवा इथंच पाट्या टाकत होते." मग हसून म्हणाली, "बरी हाय ना ती? तिला लय ऊन लागायचं. आता सावलीत बसलेय."

मी परत आले. खिडक्या लावल्या आणि फरशीकडे पाहत बसले.

आता कळलं की माझी फरशी का खचते. खाली खाडीचा निळा चिखल, त्यावर उपरी टेकडी, त्यावर मी. टेकडी अजून बसायची जागा शोधते आहे. पायरी आणि भिंत यांच्यामध्ये माझा पंजा जातो. फ्रिजच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे, तो दर दिवाळीला मी जाड करते. न्हाणीघराचं दार पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात उघडत नाही. मुख्तार एकदा रंधा घेऊन आला होता, मी हाकलून दिलं. तो वर राहतो, लूम दुरुस्त करतो, रात्रीबेरात्री गॅलरीत ग्राइंडर चालवतो आणि मला आंटी म्हणतो. मी कोणाचीही आंटी नाही.

२९ मे

पाऊस या वर्षी वेळेआधी आणि रागावून आला. मागच्या शेतात तळं झालंय. ग्रामपंचायतीला फोन केला. म्हणाले, पाऊस आहे. ही माहिती मला खिडकीतून मिळाली होती.

१८ जून

तळं वाढत वाढत आमच्या मागच्या भिंतीला लागलं. काल रात्रभर पडला आणि आज सकाळी पाणी पहिल्या पायरीवर. आज भांग आहे, म्हणजे महिन्यातली सगळ्यात लहान भरती, आणि खाडी तर बंद. तरी पाणी येतं कुठून?

विचार केल्यावर एकच उत्तर निघतं: काँक्रीट गळतंय. या लोकांना एक काम धड करता येत नाही. भाऊंना फोन लावला. ते आजकाल माझा फोन पहिल्या घंटेला उचलतात.

"म्याडम, टेन्शन न्हाय घ्यायचं. अजून एक थर मारू का?"

"मारा. आणि या वेळी नीट मारा."

"तुमी बोलता तर मारतोच."

२१ जून

दुसरा थर मारला. पाणी दुसऱ्या पायरीवर. पायऱ्या एकूण चारच आहेत.

संध्याकाळी आक्का आली. आत ये म्हटलं तरी आली नाही, पाण्यातच उभी राहिली. हातात मूठभर रोप, मुळाशी काळं पडलेलं.

"कुजलं," ती म्हणाली. "सगला राब गेला. बाय, तू पान्याचं त्वांड बांधलंस. वरून पाऊस येतोय आनि तू बाहेर जाऊ देत न्हायस."

मी म्हटलं, मी काही बांधलेलं नाही, बंद करणारा तिचा मुलगा आहे, आणि गळतीची तक्रार मीच केली आहे. तिने ते कुजलेलं रोप माझ्या पायरीवर ठेवलं.

"कोन्च्या शालंत गेली व्हतीस?"

"कॉन्व्हेंटमध्ये."

"तरीच," म्हणाली आणि गेली.

असला उद्धटपणा मी सरकारी खात्यात नोकरीला असताना कोणाचा खपवून घेतला नाही. रात्री जेवले नाही. मुख्तारच्या बायकोने डबा पाठवला, तो नाइलाजाने खाल्ला. खिमा चांगला होता.

२५ जून

आज अमावास्या. गळती स्वतःच्या डोळ्यांनी पकडायची म्हणून संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी, छत्री घेऊन बांधावर चढले. एकदा घसरले. कोणी पाहिलं नाही, फक्त मुख्तारने गॅलरीतून "आंटी, संभालके" अशी बोंब मारून अख्ख्या राहनाळला सांगितलं.

बांधावर उभी राहिले आणि दोन्ही बाजूंना पाहिलं.

डाव्या हाताला शेत काठोकाठ. पाणी बांधाच्या खांद्याशी, त्यावर तेलाचा तवंग, थर्माकोल, कोणाची तरी चप्पल. उजव्या हाताला खाडी रिकामी. पार खाली गेलेली. ओला चिखल चकाकतोय, त्यावर निवट्या, चिखलातले छोटे मासे, उड्या मारताहेत, आणि मधोमध पाण्याची अरुंद धार समुद्राकडे पळत चाललेली. दोन्हींच्या मध्ये मी आणि दोन थरांचं मजबूत काँक्रीट.

बांध गळत नव्हता. बांध अजिबात गळत नव्हता, हीच अडचण होती.

पाऊस लागला तरी मी तिथेच उभी. खाडी दिवसातून दोनदा अशी रिकामी होते. दोनदा बोलावते की द्या काय असेल ते. आणि आम्ही दार लावून आत पाण्यात बसलो आहोत.

२६ जून

आक्काकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "उघाडी पूर्वी कशी चालायची, ते मला नीट सांगा."

"कशाला? अजून एक थर मारतीस?"

मी समोर बसून तिच्या सुपातले खडे वेचायला लागले. शेवटी तिनेच सूप खाली ठेवलं.

झडप खाडीच्या अंगाला, वरच्या बाजूला टांगलेली असायची. भरती चढली की खाडीच तिला रेटून चौकटीवर दाबून बंद करायची. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं. माणसाने काही करायचं नाही. "फकस्त कचरा काढायचा. एक काठी मदी अडकली तं झडप उघडीच ऱ्हाते, खारं पानी आत, तीन वरीस भात न्हाय. म्हनून वार लावलेला. सोमवार पाटलाचा, मंगलवार आमचा. पोरीचं लगीन असलं तरी आपला वार चुकवायचा न्हाय. मंग लोकांनी जमिनी दिल्या. शेतीच न्हाय तर वार कोन करनार? झडप कुजली, कोनाला दिसली पन न्हाय."

तिथून भाऊंकडे. सोन्याची साखळी, समोर चहा. उघाडी फोडा म्हटल्यावर चहा थांबला.

"म्याडम, तुमच्याच अर्जावर बंद केली. आता फोडा बोलता?"

"होय."

"मागच्या जागेला पार्टी आलेली हाय. आत खारं पानी येत न्हाय हे बघूनच हो बोलले. दिवाळीनंतर भराव टाकून घेतो, मंग तुमचा पन प्रॉब्लेम संपला."

"भराव टाकल्यावर ते पाणी कुठे जाईल?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पत्ता विचारायची गरज उरली नाही.

घरी येऊन ही वही मागे वाचली तेव्हा लक्षात आलं, काँक्रीट ओततानाच्या भाऊंच्या उत्साहाबद्दल मीच लिहून ठेवलंय.

२ जुलै

पाणी तिसऱ्या पायरीवर. निशाला सांगितलं, सगळं ठीक आहे. तिसरी पायरी म्हणजे घर नव्हे, त्यामुळे हे खोटं नाही. मुख्तारने न विचारता माझा फ्रिज विटांवर चढवला आणि पुस्तकांच्या पेट्या वर नेल्या. "बाद में मत बोलना, आंटी, बताया नहीं." मी आभार मानले नाहीत. उद्या मानीन.

५ जुलै

आज सविस्तर लिहिते, कारण चांगलं आहे.

सकाळी भाऊंच्याच गोडाउनमागे भरलेला ट्रक उलटा घेताना मागच्या चाकासकट भरावात रुतला. इतके दिवस पाण्यात बसून मंगळीच्या टेकडीचा शिरा झाला होता. ट्रक काढायला क्रेन आणली, तर तीही रुतायला लागली. ड्रायव्हर उतरून विडी पेटवून बसला. त्या गोंधळात आक्का घरातून पहार घेऊन निघाली. तिच्यामागे मंगळी घमेलं घेऊन. मला खिडकीतून म्हणाली, "बाई, येता का? छत्री तरी धरा."

मी छत्री धरली. आक्काने काँक्रीटवर पहिला घाव घातला, त्याने कपचीही उडाली नाही. मग मुख्तार वर जाऊन ब्रेकर आणि लांबलचक वायर घेऊन आला. आम्ही चिखलात एवढा आवाज केला की भाऊ पळत आले.

"आये, काय करतीस? पार्टी पलून जाईल."

"जाऊ दे. बांध तुज्या आज्याचा हाय. त्यानं डोक्यावर चिखल वाहिलाय. तू फकस्त सह्या केल्यास."

"म्याडम, तुमी तरी सांगा हिला."

मी म्हटलं, "भाऊ, तुमचा ट्रक कुठवर रुतला?"

ते बांधावर आले. त्यांनी एकदा शेताकडे पाहिलं, एकदा खाडीकडे. ओहोटी होती. मला वाटतं, माणसाला त्या जागी उभं करणं एवढंच पुरेसं असतं. मग मुख्तारवर ओरडले, "अरे असा काय धरतोस, तिरका धर. वरून फोड, खालून फोडलास तर वाहून जाशील." आणि साखळी शर्टाच्या आत टाकून स्वतः उतरले.

पाणी सुटलं तेव्हा आधी नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज आला. मग चप्पल, थर्माकोल, तवंग, सगळं धडाधड खाडीत. मंगळीने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी दुसरी पायरी दिसली, चिखलाने माखलेली.

मुख्तारचे आभार मानले. तो म्हणाला, "तबियत ठीक है ना, आंटी?"

११ जुलै

विजय लगेच साजरा करू नये हे आता शिकले. काल पौर्णिमा. उघड्या भोकातून खाडी पुन्हा आत. झडप हवीच.

मुख्तारने लोखंडी पत्र्याची केली, बिजागऱ्यांसकट, बघायला सुरेख. आज टांगली. भरतीला घट्ट बंद झाली, सगळे खूश. ओहोटी लागली तर उघडेना. आतलं पाणी बिचारं ढकलतंय आणि ती ढिम्म. भाऊ बांबूने तिला ढोसत बसले. "सरकारी ऑफिससारखी झालीय," मी म्हटलं.

आक्का म्हणाली, लोखंड जड पडतं, आमची लाकडाची होती. मुख्तार म्हणाला, "सागवान कहाँ से लाऊँ?" तेव्हा मंगळीने समोर बोट दाखवलं. गोडाउनच्या भिंतीला मोडक्या पॅलेटांचा ढीग, माणूसभर उंच. माल ठेवायच्या त्या लाकडी चौकटी इथे चुलीत जाळतात.

१९ जुलै

पॅलेटच्या फळ्यांची झडप तयार. कडेला गोडाउनच्या फाटक्या कन्व्हेयर बेल्टचं रबर, बिजागऱ्याही त्याचीच. लाकूड तरंगू नये म्हणून खालच्या कडेला एक काळा दगड बांधलाय. झडपेवर 'नाजूक, जपून हाताळा' असा शिक्का तसाच राहिलाय. मी पुसू नका म्हटलं.

आक्काने वार लावले. इमारतीतलेही धरले, पहिल्यांदाच. मुख्तारला शुक्रवार सोडून काहीही चालेल. भाऊंना रविवार दिला, त्यांनी कुरकुर केली.

"आनि तू बेस्तरवार."

म्हणजे गुरुवार माझा. मी म्हटलं, माझं वय बघा.

"मी बघते ना. माज्याहून लहान हायस."

२४ जुलै

अमावास्या आणि गुरुवार. ठाण्याला रेड अलर्ट. सकाळी दहाला दारात टेम्पो, आणि त्यातून निशा. बातम्या पाहून पहाटे निघाली होती. "मावशी, वाद नको. बॅग भर."

मी म्हटलं, "पाणी अजून घरात आलेलं नाही. शब्द घरातल्या पाण्याचा होता."

"येईल दुपारपर्यंत."

"मग दुपारपर्यंत थांब. आणि ती सँडल काढ."

तिला घेऊन बांधावर गेले. पाऊस आडवा लागत होता. भरती चढली तसे मी चौकटीतून दोन बाटल्या, एक पिशवी आणि जलपर्णीचा गठ्ठा काठीने ओढून काढला. झडप हलली, डुलली, आणि खाडीने ती दाबून बंद केली. बाहेर पाणी चढू लागलं, छातीभर, मग डोक्याच्या वर. आत थेंबही नाही.

पण आत पाऊस साठत होताच, आणि बंद झडपेतून तो जाणार कुठे? यावर कोणाकडे उपाय नव्हता. आक्का म्हणाली, थांबायचं. घरी येऊन आम्ही पायऱ्या बघत बसलो. पहिली गेली. दुसरी. तिसरी. निशाने माझे कपडे गुंडाळायला घेतले, मी अडवलं नाही. मुख्तार जिन्यात येऊन उभा राहिला, मग भाऊ, मग मंगळी. मी इतकी माणसं घरात कधी घेतली नव्हती. चहा केला. कप कमी पडले, निशाने स्टीलच्या वाट्या काढल्या.

चौथ्या पायरीवर पाणी आलं आणि तिथे घुटमळलं. उंबऱ्याखाली एक बोटभर जागा.

मी काठी घेऊन निघाले. निशा ओरडली, "मावशी, कुठे?" मी म्हटलं, आज गुरुवार. ती अनवाणी मागे आली.

बांधावर पोचलो तेव्हा खाडी उतरणीला लागली होती. आम्ही दोघी चिखलात बसून त्या झडपेकडे पाहत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग खालच्या कडेने एक पातळ चंदेरी रेघ सुटली. रेघेची पट्टी झाली. दगड हलला. आणि 'नाजूक, जपून हाताळा' हळूच बाहेरच्या अंगाला उचललं गेलं आणि आमचं सगळं पाणी खालून निघालं.

निशाने माझा हात धरला होता, ते नंतर लक्षात आलं. तिच्या आईचा हात असाच होता.

"मावशी, हे दर वर्षी असंच?"

"दर वर्षी. आणि भराव खचतोय, तो वेगळाच."

"आणि तुला हे हवंय?"

झडपेत एक फांदी येत होती, ती आधी काढली.

२५ जुलै

निशा गेली. टेम्पो रिकामा नको म्हणून मंगळीला वडप्यापर्यंत सोडणार आहे. पार्टी अजून फोनवर आहे, भाऊ अजून नक्की काही बोलत नाहीत. आक्काने कुठूनतरी नवं रोप मागवलंय, उशिराचं, पण लागेल म्हणते.

मुख्तारला न्हाणीघराच्या दाराचं सांगितलं. रंधा घेऊन येतोय.

३१ जुलै

आज फार लिहीत नाही. गुरुवार आहे, भरती उतरायला लागली, आणि काठी मुख्तारच्या मुलीने कुठे ठेवली ते शोधायचंय.